कळवावे

उद्यमबागेत रात्री सव्वादोनला
भट्टीशेजारच्या पडद्यावर तेराशे अठ्ठ्याऐंशी.
पाच मिनिटांनी तेराशे अठ्ठ्याऐंशी.
आतलं लोखंड केव्हाच पुढे गेलेलं,
हळदीच्या रंगाचं होतं, आता ताकाच्या.

भरमा कणबरकर हातमोज्याच्या पाठीने
टेबलावरचा माउस जरासा ढकलतो
आणि आकडा दचकून उठतो: चौदाशे एकेचाळीस.
"तीन महिने असंच चाललंय, मॅडम.
माउस हलवला की खरं बोलतंय.
खरं, हलवायला कोणतरी पाहिजे की."

(इथे 'पण' म्हणायचं तर 'खरं' म्हणतात.
नाशिकहून येऊन अकरा वर्षं झाली,
अजून मला प्रत्येक शंका आधी कबुलीसारखी ऐकू येते.)

प्रोग्राम माझा. नोंदी उघडल्या.
दोन चौदा सात: लिहिला.
दोन चौदा आठ: लिहिला.
सेकंदाला एक आकडा, एकही चुकलेला नाही.
माझ्याकडून गेलंय.

ड्रायव्हर महानंदा हुक्केरीचा.
ती गोकाकला, बाळंतपणाच्या रजेवर,
पोर खांद्यावर थोपटत फोन घेते.
"नन्न कडे बंदे इल्ल री,
माझ्याकडे आलंच नाही काही."

माझ्याकडून गेलंय. तिच्याकडे आलंच नाही.
आणि मध्ये तर काहीच नाही:
एकच मेमरी, एकच पत्ता,
मी लिहिते त्याच फळीवरून ती वाचते.

मी सगळा पडदा लाल करायला सांगितला.
पडदा निळाच.
मेमरी उपसून बघितली, ती लालभडक.
भरमाला म्हटलं, माउसला हात लावू नका.
तो हात पाठीमागे घेऊन उभा राहिला,
बाकावर उभं केलेल्या पोरासारखा.
एक मिनिट. दोन. निळाच.
मग टेबलाला कोणाचा तरी धक्का लागला
आणि लाल.

वीज वाचावी म्हणून तो पडदा
शेवटचं चित्र स्वतःजवळ ठेवून घेतो
आणि तेच स्वतःला दाखवत बसतो,
कोणी उठवेपर्यंत.
माउसचा बाण काढायचा महानंदाच्या ड्रायव्हरने,
त्यामुळे बाण हलला की तो जागा व्हायचा,
आणि माझा आकडा
बाणाच्या पाठीवर बसून फुकटात यायचा.

पान एक्केचाळीस. इंग्रजीतली एक ओळ,
आम्ही दोघींनी दोन वर्षांपूर्वी वाचलेली.
मी ती मनात मराठीत वाचली: बदललेला भाग कळवावा.
लग्नपत्रिकेतलं 'अगत्य यावे' असतं ना, तसं.
आलात तर आनंद.
तिने कन्नडात वाचली: तिळिसबेकु.
बेकु म्हणजे पाहिजे. पाहिजे म्हणजे पाहिजेच.
ती वाट बघत होती, मी आग्रह नाही असं समजत होते.

त्या विद्येत बदललेल्या जागेला मळलेली म्हणतात.
मी एक ओळ घातली:
इथपासून, एवढा रुंद, एवढा उंच
चौकोन मळला आहे.
मळलं म्हणून सांगितल्याशिवाय कोण धुणार?

"मी पण दोन सेकंदांनी एकदा डोकावून जाते री,"
महानंदा म्हणाली. पोर झोपलं असावं,
आवाज खाली आला होता.
"तुझ्यावर विश्वास आहे. खरं..."

पहाटे चारला आकडा आपला आपण चढत होता.
चौदाशे सदतीस. एक्केचाळीस. अठ्ठेचाळीस.
मी भरमाला म्हटलं, बघा.
त्याने बघितलं, मान हलवली,
पाठीवरच्या नोंदवहीत आकडा टिपला
आणि परत भट्टीकडे वळला.
माउस तो त्या वहीसाठीच ढकलायचा.
ओतायचं कधी ते
त्याने पडद्याला कधी विचारलंच नव्हतं.
"आता," तो म्हणाला, ताकाकडे बघत,
आणि पोरांनी साखळी ओढली.